पलीकडच्या खोलीतला माणूस

३ जून

धाकटे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी कामाचं ऐक. तुझ्या मुलीच्या खोलीत एक पुरुष येतो.

पत्र टाकून रडायला बसू नकोस. पूर्ण वाच, मग काय रडायचं ते रड. फोन केला नाही, कारण तुमच्याकडे फोन तुझे यजमान उचलतात आणि इकडे माझ्या घराच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. शेजारीण माझ्या खोकल्याचासुद्धा हिशेब ठेवते. त्यापेक्षा पत्र बरं. पाकीट मी नीट चिकटवलंय. फोडल्यासारखं दिसलं तर कळव, पोस्टमनकडे बघून घेते.

चिऊ गुणी पोर आहे, यात वाद नाही. सकाळी अंथरुणाची घडी घालते, चष्म्याच्या दुकानात जाऊन दिवसभर काचा घासते, संध्याकाळी बोटांना लागलेली पूड धुऊन जेवायला बसते. बोलत नाही, पण ते तू मला आधीच सांगितलं होतंस. शाळेत असताना घसा बसला तो बसलाच, जोरात बोलायचं नाही. दीड शब्द कुजबुजते, बाकी सगळं मानेनं. मला त्याचं काही नाही, मी दोघींच्या वाटचं बोलते.

मग हा माणूस कोण? परवा संध्याकाळी फिरायला गेले आणि चपलेचा अंगठा तुटला म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. जिन्यातच आवाज कानावर आला. चांगला जाडजूड, भरदार, पुरुषी आवाज. चिऊच्या दाराला कान लावला. तो म्हणत होता, "निघण्याची वेळ झाली आहे." मग थोडं थांबून, "आपलं सामान जवळ ठेवावं." पुढचं ऐकू आलं नाही, कारण माझ्याच हातातली चप्पल पडली. आत चिडीचूप.

दार वाजवलं. चिऊनं उघडलं. एकटी. चेहरा लालबुंद. मी पलंगाखाली पाहिलं, कपाट उघडलं, पडद्यामागे हात घालून पाहिला. कोणी नाही. खिडकी दुसऱ्या मजल्यावरची, खाली ड्रायक्लीनरचं पत्र्याचं छप्पर. त्यावर कोणी उडी मारली असती तर अख्खी गल्ली गोळा झाली असती.

कापडगिरणीच्या बायकांच्या फाटकावर झडती घेण्यात माझं आयुष्य गेलं, हे तुला सांगायला नको. अंबाड्यात लपवलेलं सूत मी लांबून ओळखायची. तेव्हा मला फसवू नका. निघण्याची वेळ, जवळचं सामान, याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. पोरगी पळून जाणार आहे. आणि माझ्या घरातून जाणार आहे, म्हणजे खापर माझ्या डोक्यावर.

काय करू ते उलट टपालानं कळव. आता आशीर्वाद.

ताई


८ जून

ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं, पाकीट शाबूत होतं.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. रेडिओ असेल. नाहीतर वरच्या मजल्यावरून आवाज येत असेल, जुन्या इमारतींमध्ये कुठला आवाज कुठे निघेल सांगता येत नाही. चिऊ तसल्या भानगडीतली नाही. तिला काही विचारू नकोस, तिच्या खोलीत जाऊ नकोस. घशाला ताण पडला की तिला त्रास होतो.

दुसरं म्हणजे, महिनाअखेरीला मी तिला न्यायला येणार आहे. तिचं हर्नियाचं छोटंसं ऑपरेशन आहे, आमच्या डॉक्टरांनी तारीख दिलीय. दोन्ही बाजूंचं आहे म्हणे. तिला अजून सांगितलेलं नाही, घाबरेल. तूही सांगू नकोस. मावशीला भेटायला आले होते, चल घरी चार दिवस, असं म्हणून घेऊन जाईन.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

धाकटी


११ जून

धाकटे,

माझा गुडघा ठणठणीत आहे, तू माझ्या डोक्याची काळजी कर. तुझं पत्र वाचल्यापासून ते भणभणतंय.

शाळेत असताना चिऊ पेपरवाल्याकडे बघून हसली म्हणून तू पेपर बंद केला होतास. तीच तू आज लिहितेस, रेडिओ असेल. मुलीच्या खोलीत बाप्या बोलतोय असं कळल्यावर कुठली आई गुडघ्याची चौकशी करते? ज्या आईला तो बाप्या कोण हे आधीच माहीत आहे, तीच. कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते तुझ्याच अंगणात मुरतंय.

रेडिओ तिच्या खोलीत नाही. वरच्या मजल्यावर एक बहिरे प्राध्यापक राहतात आणि ते बोलत नाहीत, ओरडतात. तो आवाज वेगळा. मला खालच्या ड्रायक्लीनरचा संशय होता. त्याची छाती चांगली रुंद आहे. काल मुद्दाम हिवाळ्यातला कोट घेऊन गेले आणि त्याला बोलता केला. बिचाऱ्याचा आवाज वाफेनं पार गेलाय, फुटक्या शिट्टीसारखा येतो. कोट मात्र नाइलाजानं टाकून यावा लागला, जूनमध्ये.

फिरायला जाण्याआधी तिच्या उंबऱ्यात चिमूटभर टाल्कम पावडर पसरली. परत आले तेव्हा आत पुन्हा तोच आवाज. दार वाजवलं, आवाज बंद, चिऊ एकटी. पावडरीत पावलं एकट्या चिऊचीच. म्हणजे माणूस दारानं येत नाही आणि दारानं जात नाही.

आणखी ऐक. मोरीतल्या फळीवर साबणाच्या डबीमागे दाढीचा वस्तरा सापडला. पात्याला फेस सुकलेला. माझ्या घरात दाढी करणारं कोण आहे? शिवाय दर बुधवारी ती दुपारनंतर दुकानात नसते. मी दुकानदाराला भेटून आले, चष्मा सैल झालाय असं सांगून. तो म्हणाला, बुधवारी अर्धा दिवस सुट्टी घेते, घरचं काम असतं म्हणे. घर तर मी आहे, आणि मला काही काम ठाऊक नाही.

आता तुझ्या हर्नियाबद्दल. हर्निया काय चोरून करायची गोष्ट आहे का? माझ्या पित्ताशयाचा टाका मी अख्ख्या जिन्याला दाखवला. ज्याच्या पोटावर सुरी फिरणार त्यालाच सांगायचं नाही, हा कुठला हर्निया? धाकटे, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. पोरगी पोटुशी आहे का?

तुझं उत्तर आलं नाही तर मी माझ्याकडची दुसरी किल्ली वापरणार आहे.

ताई


१५ जून

ताई,

तुला माझी शपथ आहे, खोलीत जाऊ नकोस. चिऊ पोटुशी नाही. ती कधी होणारही नाही. मी आल्यावर सगळं सांगते. काहीच करू नकोस, फक्त थांब.

घाईत,
धाकटी


१५ जून

धाकटे,

तुझं पत्र यायच्या आधीच हे लिहितेय. आता ते आलं तरी काय उपयोग, मी आत जाऊन आले.

आज फिरायला गेलेच नाही. चपला वाजवत खाली उतरले, ड्रायक्लीनरच्या दुकानात बसले, आणि अनवाणी वर आले. आतून आवाज येत होता. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात किल्ली. दार उघडलं.

चिऊ आरशासमोर उभी होती. कागदाची सुरळी तोंडाशी धरलेली. आणि तो आवाज म्हणत होता, "फलाट क्रमांक तीनवरची गाडी निघण्याची वेळ झाली आहे. प्रवाशांनी आपलं सामान जवळ ठेवावं."

मी छत्री उगारून ओरडले, "कुठाय तो? बाहेर काढ त्याला!"

तिनं सुरळी खाली केली. मग त्याच आवाजात, अगदी त्याच, म्हणाली, "मावशी, कोणी नाही. मीच आहे."

आणि धाकटे, तुला खरं सांगू? एवढं ऐकूनही मी पडद्यामागे बघून आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग मी तिच्या पलंगावर बसले. तिनं पाणी आणून दिलं.

ती म्हणाली, घसा बसलेला नाही. कधी बसलाच नव्हता. तेराव्या वर्षी आवाज असा झाला, आणि आईनं सांगितलं, घसा बसला असं म्हण आणि हळू बोल. तेव्हापासून मी हळू बोलते. एवढंच म्हणाली. मी छत्री भिंतीला टेकवली आणि उलटतपासणी न घेता उठले. जन्मात पहिल्यांदा.

वस्तरा तिचाच. हनुवटीवर केस येतात.

आता तू सांग. शपथा घालू नकोस, सबबी सांगू नकोस. पोरीला काय झालंय? की केलंय?

ताई


१९ जून

ताई,

केलंय असं काय लिहितेस? मी काही केलेलं नाही. माझ्या जागी तू असतीस तर काय करणार होतीस ते सांग, मग मला फाटकावर उभी कर.

ती जन्मली तेव्हा डॉक्टरांनी तिला उचललं आणि बराच वेळ बघत राहिले. इतर बायकांना लगेच सांगायचे. मग म्हणाले, मुलगी. मला त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. म्हणाले, बाहेरून मुलीसारखी आहे, पण थोडी वेगळी. आत गर्भाशय नसावं. दोन्ही जांघांत गाठी आहेत, त्या मुलग्यांच्या असतात तशा. अशी बाळं जन्माला येतात, कमी येतात पण येतात, कोणाच्या पापानं नाही. मुलगी म्हणून वाढवा, कोणाला सांगू नका, मोठी झाल्यावर गाठी काढून टाकू. कोणाला सांगू नका हे त्यांनी तीनदा तरी सांगितलं. मी ऐकलं. यांना सांगितलं, ते म्हणाले, तू बघ. मी बघतेय.

तेराव्या वर्षी तिचा आवाज फुटला. एका महिन्यात. जेवताना तिनं पाणी मागितलं आणि यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्या दिवशी मी तिला सांगितलं, घसा बसलाय असं म्हण. तिनं का म्हणून विचारलंही नाही. वर्गातल्या पोरींची पाळी आली, तिची आली नाही. मी सांगितलं, काहींची उशिरा येते.

तिला काहीच माहीत नाही. तू सांगू नकोस. डॉक्टर म्हणतात, गाठींमुळेच हे सगळं होतंय, त्या काढल्या की प्रश्न मिटला. आणि एक स्थळही आलंय. बिजवर आहे, पदरात दोन मुलं आहेत, आणखी मूल नको म्हणतो. माणूस शांत आहे. त्याला कमी बोलणारीच बायको हवी आहे. ताई, असं स्थळ पुन्हा कुठून येणार? मी मेल्यावर तिला कोण आहे?

तू आयुष्यभर लोकांवर संशय घेतलास. मला आयुष्यभर लोक माझ्या पोरीवर संशय घेतील का याची धास्ती. दोन्ही सारखंच नाही.

तीस तारखेला सकाळच्या गाडीनं येतेय.

धाकटी


२३ जून
(पलीकडच्या खोलीतून)

मावशी,

एका घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. समोरासमोर मी हा आवाज काढला की तू अजूनही दचकतेस, मग मला वाक्य पुरं करवत नाही. कागदावर तसं होत नाही.

परवा तू आईचं पत्र आणून माझ्यापुढे टाकलंस आणि म्हणालीस, वाच, ऑपरेशन तुझं आहे. त्याबद्दल मी तुझे पाय धरीन. तू लगेच मोरीत जाऊन नळ सोडून रडलीस तेही मला ऐकू आलं. भिंती पुठ्ठ्याच्या आहेत.

पण काल तू दोन शर्ट, एक पँट आणि पुरुषांच्या चपला घेऊन आलीस. मला "अरे, जेवायला ये रे" म्हणून हाक मारलीस. ड्रायक्लीनरला सांगून आलीस की आमच्याकडे भाचा राहायला आहे. मावशी, तुझं मन मला कळतं. आधी तुला वाटलं माझ्या खोलीत माणूस आहे. आता वाटतंय, तो माणूस मी आहे. तो माणूस नव्हताच गं. तेव्हाही नव्हता, आताही नाही.

आई म्हणते मला काही माहीत नाही. माझं शरीर माझ्याबरोबरच असतं, मला कसं माहीत नसेल? बुधवारी मी मोठ्या हॉस्पिटलात जाते. तिथे एक डॉक्टरबाई आहेत. त्यांनी चित्र काढून समजावलं. आत काय आहे, काय नाही, सगळं. नाव पण आहे याला, लांबलचक. म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं आणखीही येतात माझ्याकडे. त्यातल्या काहींना मोठेपणी आतून वाटतं की आपण पुरुष आहोत. काहींना वाटतं बाई आहोत. काहींना दोन्हीपैकी काहीच धड वाटत नाही. ते मला तपासून कळत नाही, ज्याचं त्यानंच सांगायचं असतं. मी विचारलं, आणि उशीर झाला तर? त्या म्हणाल्या, घाई कोणाला आहे?

मी पुष्कळ विचार केला. काचा घासताना दुसरं काय करणार. मी मुलगी आहे, मावशी. आईनं सांगितलं म्हणून नाही, मला फ्रॉक घातले म्हणूनही नाही. मी माझ्याबद्दल विचार करते तेव्हा तीच असते. तिचा आवाज असा आहे, तिला हनुवटीवर केस येतात, पण असते तीच. हे तुला पटायला वेळ लागेल, मला चालेल.

आता गाठींचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वरचेवर तपासत राहू, ठेवायच्या की काढायच्या ते तुम्ही ठरवा. काढल्या तर जन्मभर औषधं घ्यावी लागतील. आणि मी मुद्दाम विचारून घेतलं, काढल्यावर आवाज परत बारीक होतो का? नाही होत. एकदा फुटला तो फुटला. आईच्या डॉक्टरांनी हे आईला सांगितलंय का, ते तू तिला विचार. मी विचारलं तर ती टीव्ही लावेल.

शेवटचं. बसस्टँडवर गाड्या पुकारायला माणूस हवा होता. आवाज टेप करून मागवला होता. मी पाठवला. त्यांना आवडला. शनिवारी समोर बोलावलं. मी वेणी घालून, ओढणी घेऊन गेले. साहेबांनी माझ्या मागे बघितलं, तू पडद्यामागे बघितलंस तसंच. मग मला माइकसमोर एका कागदावरून चार गाड्या वाचायला सांगितल्या. बाहेर बाकावर बसलेले लोक उठून फलाटाकडे निघाले, तेव्हा ते हसून म्हणाले, लोक ऐकतायत, मला आणखी काय हवं. पुढच्या सोमवारपासून बसायचं आहे. तीस तारखेपासून. आई येईल त्याच दिवशी.

मावशी, मला आईबरोबर जायचं नाही. तिला तू सांगशील का? तू एवढ्या बायकांना फाटकावर अडवलंस, एकीला आणखी अडव.

पँट आणि चपला परत कर. निळा शर्ट मी ठेवते, कापड छान आहे.

तुझी भाची,
चिऊ


२४ जून

धाकटे,

चिऊचं पत्र सोबत पाठवतेय. आधी ते वाच, मग माझं.

वाचलंस? आता मला सांग, तुझ्या त्या डॉक्टरांनी तुला आवाजाचं सांगितलं होतं का? नसेल सांगितलं तर का नाही सांगितलं, आणि सांगितलं असेल तर तू मला का नाही लिहिलंस? त्या बिजवराला तरी ठाऊक आहे का, की त्यालाही हर्नियाच सांगितलाय? मला तुझ्या डॉक्टरांचा संशय येतो, स्थळाचा येतो, आणि वाईट वाटून घेऊ नकोस, तुझा तर सगळ्यात जास्त येतो. चांगली वस्तू असती तर सगळ्यांनी मिळून एवढी दडवली नसती. फाटकावर मी एवढंच शिकले.

तू लिहिलंस, माझ्या जागी तू असतीस तर. ठीक आहे, मी नव्हते. त्या दिवशी ती खोली, तो डॉक्टर, तू एकटी, आणि तुझे यजमान म्हणाले तू बघ. माझं पत्र जरा कडू होतं, ते गिळ. पण कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहिलं का? पोरीनं एवढी वर्षं स्वतःचा गळा दाबून धरला, तुझ्या भीतीपायी. आता तिला टेबलावर झोपवून, हर्निया म्हणून, न विचारता तिच्या अंगातलं काही काढून घ्यायचं? मी फाटकावर हजारो बायकांच्या अंगावरून हात फिरवला, पण तो मालकाची चोरी शोधायला. ज्याचं अंग त्याच्याच वस्तू काढून घ्यायची नोकरी मी केली नसती.

आणि माझ्याबद्दल विचारशील तर, हो, मी शर्ट आणले. ड्रायक्लीनरकडे जाऊन सांगितलं, भाचा नाही, भाचीच आहे. तो म्हणाला, ठरवा एकदा काय ते. मी म्हटलं, तिनं ठरवलंय, आपण कोण? त्यानं कोटाचे पैसे मात्र सोडले नाहीत.

पुढे काय होईल मला माहीत नाही. लोक बोलतील. त्या साहेबांच्या हसण्यावरही माझा अजून विश्वास नाही, मी रोज स्टँडवर जाऊन बाकावर बसणार आहे, कोण काय बोलतं ते ऐकायला. पण पोरगी तुझ्याबरोबर येणार नाही. तू ये. तारीख घेऊन येऊ नकोस. फलाट क्रमांक तीनवर तुझी गाडी लागेल. मी तिथे उभी असेन. उतरलीस की लगेच भांडायला सुरुवात करू नकोस. आधी वर लावलेला कर्णा ऐक.

आशीर्वाद, दोघींनाही.

ताई


२ जुलै

ताई,

तू मला स्टँडवर पाहिलंस, माझी पिशवी हातातून घेतलीस, तपासलीस, हॉस्पिटलचा कागद सापडला तो पाहिलास आणि परत आत ठेवलास. काही बोलली नाहीस. मी पण बोलले नाही. तुला वाटलं असेल मी रागात आहे. तू येण्याआधी काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहितेय.

गाडी स्टँडमध्ये वळत होती. तुझं पत्र मी वाटेत पुन्हा वाचलं होतं, मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होते. कर्णाबिर्णा माझ्या डोक्यातच नव्हता. फलाटाला लागायच्या आधी वरून आवाज आला, गाडी आली आहे, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यावं. माझ्या शेजारी एक वयस्कर बाई होत्या. पूर्ण प्रवासभर झोपल्या होत्या. त्या जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "काय छान आवाज आहे. ऐकून धीर येतो. कोण हो हे?"

मी म्हणाले, "कोण जाणे. असेल कोणी बाप्या."

मी बाप्या म्हणाले, ताई. मी खोटं बोलले नाही. मला खरंच ओळखू आला नाही. पायऱ्या उतरून खाली आले, पिशवी सावरली, तू लांबून येताना दिसलीस, तेव्हा कर्ण्यातून पुन्हा तोच आवाज आला, आपलं सामान जवळ ठेवावं. आणि तेव्हा तुझ्या पहिल्या पत्रातलं वाक्य आठवलं.

पोटच्या पोरीचा आवाज मी ओळखला नाही, कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता. एक महिना ऐकला, पाणी मागताना, मग बंद करून टाकला. घरात ती इतकी वर्षं माझ्याशी कुजबुजली. मला वाटायचं, मी तिला जपतेय.

तू चहा आणायला गेलीस तेव्हा मी चौकशीच्या खिडकीपाशी गेले. काचेपलीकडे ती बसली होती. निळा शर्ट, माझ्यासारखीच घट्ट वेणी. एका बोटानं कागदावरची ओळ धरून वाचत होती, लहानपणी वाचायची तशी. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी काचेवर टकटक करणार होते. हात वर केला आणि वाटलं, मला बघून ती पुन्हा कुजबुजायला लागली तर? सवयीनं? एवढ्या लोकांसमोर, मला बघून? मी हात खाली घेतला.

म्हणून परतीच्या गाडीत बसले. जाताना दोन तिकिटं काढायची होती, एकच काढलं. तू चहाचे कप घेऊन उभी राहिलीस, तो तुझा चेहरा मला अजून दिसतोय. तुला संशय आला असेल की मी डॉक्टरांना घेऊन परत येणार. नाही येणार. तारीख रद्द केली. डॉक्टर म्हणाले, पुढे पस्तावाल. मी आवाजाचं विचारलं. ते म्हणाले, आवाजाचं आम्ही कुठे म्हटलं होतं? खरंच, त्यांनी म्हटलं नव्हतं. मीच धरून चालले होते. स्थळाला नकार कळवला.

मला अजून भीती वाटते, ते खोटं लिहिणार नाही. चिऊ म्हणते ते मला सगळं कळलेलं नाही. मी डॉक्टरबाईंकडे यायला तयार आहे, तिला चालत असेल तर. तू तिला विचार.

आमची गाडी सुटली तेव्हा तिनं ती पुकारली. शेजारी कॉलेजातली एक मुलगी होती, कानात काहीतरी घालून बसलेली, तिनं काही विचारलंही नाही. मीच तिच्या दंडाला हात लावला आणि सांगितलं, "ही माझी मुलगी बोलतेय." तिनं कानातलं काढलं, मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

आता मला उत्तर लिहू नकोस. रविवारी फोन कर, दुपारी. यांना सांगितलंय, टीव्ही बंद ठेवा आणि फोन मी उचलणार. तू चार शब्द बोल आणि तिच्या हातात दे. तुझे शेजारी ऐकतील, तर ऐकू देत.

धाकटी